कचऱ्यात गेलेलं बोलावणं

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. खून-दरोड्यांच्या फायली मी केव्हाच विसरलो. नावं विचारलीत तर आठवणार नाहीत. पण एका मुलीच्या ई-मेलमध्ये साचलेला कचरा मात्र विसरता येत नाही. त्याचं कारण सांगायला फारसं आवडत नाही, तरी सांगतो. त्या तपासातली पहिली चूक माझी होती, आणि शेवटी कळलं की तिच्याही आधीची चूक माझीच होती.

निवृत्तीला सात महिने उरले होते. अकोल्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या ठाण्याला सरकारी ई-मेल मिळाला होता आणि तो सांभाळायचं काम एका जुन्या हवालदाराकडे होतं. हा माणूस आलेला प्रत्येक मेल छापायचा, त्यावर आवक क्रमांक टाकायचा आणि नोंदवहीत विषय लिहायचा. टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात आली, तिलाही आवक क्रमांक. एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, हा कचरा आहे. फेका ना."

"सायेब, आलेला कागद तो आलेला कागद. उद्या वरून इचारलं, तर मी काय सांगू?"

वरून तेलाबद्दल कोण विचारणार होतं, कोण जाणे. पण तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. शिवाय माझी स्वतःची अवस्था बरी नव्हती. माझ्या खाजगी मेलवर रोज ढीग यायचा. मी त्यातली एकेक जाहिरात उघडून खालचं 'यादीतून नाव काढा' दाबायचो, आणि दुसऱ्या दिवशी ढीग वाढलेला असायचा.

एका सोमवारी सकाळी ती मुलगी आली. चोवीस-पंचवीसची, जठारपेठेत राहणारी. वडिलांचं फुलांचं दुकान. हातात मोबाइल घट्ट धरलेला, आणि तो सारखा थरथरत होता. फोन म्हणतोय मी, हात नव्हे.

"सर, शनिवारपासून मेल येऊन राहिले. थांबतच नाहीत. तासाला शंभर-शंभर. कपडे, औषधं, परदेशातल्या बागा, कुत्र्यांचं खाणं. मी कुठंच नाव दिलं नाही."

"धमकी आहे का कुठल्यात?"

"नाही."

"फोटो वगैरे? कोणी पैसे मागितले?"

"नाही सर. नुसत्या जाहिराती."

त्या दिवशी एका मान्यवरांचा दौरा होता आणि बंदोबस्ताचा नकाशा माझ्यासमोर पसरलेला होता. मान्यवर एका प्रवेशद्वाराचं उद्‌घाटन करणार होते. ज्या इमारतीचं ते द्वार, तिचा पाया अजून खणायचा होता. मी मुलीला म्हणालो, "हे बघ, जाहिरातींनी कोणी मरत नाही. सगळं निवड आणि डिलीट करून टाक. हवालदार, हिचा अर्ज घ्या आणि पुरावा म्हणून थोडे मेल छापून ठेवा."

ती काही बोलणार होती. मी नकाशाकडे पाहिलं. माणूस बोलायचा थांबतो तो असा. खात्यात मी हे दुसऱ्यांना शिकवलं होतं की तक्रारदाराचं शेवटचं वाक्य ऐकून घ्यावं, खरी तक्रार बहुधा त्यात असते.

हवालदारानं 'थोडे' या शब्दाचा स्वतःचा अर्थ लावला. तिच्याकडून मेल ठाण्याच्या पत्त्यावर पाठवून घेत त्यानं कागदाचं अख्खं बंडल संपवलं. प्रत्येक कागदावर अर्जाचा क्रमांक, त्याखाली अनुक्रमांक. मी त्याला रागावलो. त्यानं शांतपणे गठ्ठ्याला दोरी बांधली.

गुरुवारी दुपारी ती पुन्हा आली. या वेळी वडिलांसोबत. वडिलांच्या हाताला हाराचा दोरा तसाच गुंडाळलेला होता. दुकान सोडून आलेला माणूस. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सायेब, आमच्या पोरीले एवढी पत्रं कोण धाडून राह्यलं? काहून धाडून राह्यलं? पोट्टी चार दिवसांपासून जेवली नाही."

"बाबा, जेवले मी."

"अर्धी भाकर जेवली. ते का जेवण हाये?"

सायबर कक्षातून एक महिला शिपाई त्याच आठवड्यात आमच्याकडे बदलून आली होती. वयानं लहान, बोलायला तुटक. तिला बोलावलं. तिनं मुलीच्या खांद्यावरून पाच मिनिटं मोबाइलमध्ये पाहिलं आणि मला विचारलं, "सर, यातला एकही मेल चोराचा नाही. सगळी खरीखुरी दुकानं आहेत. हे विचित्र नाही वाटत?"

मला वाटलं नव्हतं. तिनं समजावून सांगितलं. नको असलेले मेल दोन जातीचे. एक, ओळखीच्या दुकानांचे; आपण कधी तरी नाव दिलेलं असतं, तिथं 'नाव काढा' दाबलं की बहुधा येणं थांबतं. दुसरे, अनोळखी लबाडांचे. त्यांच्या मेलमधलं काहीही दाबलं की त्यांना कळतं, या पत्त्यावर माणूस राहतो. ते फक्त 'स्पॅम' म्हणून नोंदवायचे, उघडायचेही नाहीत.

"म्हणजे मी वर्षभर..."

"हो सर. तुम्ही रोज दार उघडून 'आम्ही घरी नाही' असं सांगत होता."

हवालदार खोकला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पण हिचं तिसरंच आहे," ती म्हणाली. "कोणी तरी बसून हिचा पत्ता शेकडो दुकानांत दिला. त्रास द्यायचा असता तर शिव्या पाठवल्या असत्या. एवढ्या जाहिराती ओतायच्या, म्हणजे खाली काही तरी गाडायचं असतं. ताई, तू कुठल्या मेलची वाट पाहते आहेस?"

मुलगी मग जे बोलली, ते सोमवारचं अर्धवट राहिलेलं वाक्य होतं.

"माझी निवड झाली आहे, मॅडम. प्रयोगशाळा सहायक. कागदपत्र पडताळणीचं पत्र मेलवरच येणार होतं. हजर नाही राहिलं तर नाव कटते आणि प्रतीक्षा यादीतला घेतात. पण ते तर आलंच नाही."

"आलेले मेल कुठं आहेत?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "सरांनी सांगितलं होतं ना. सगळं डिलीट केलं. रोज करते."

वडिलांनी बोटाभोवतीचा दोरा एकदा सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

महिला शिपाई म्हणाली, डिलीट केलेलं लगेच नाहीसं होत नाही, महिनाभर कचऱ्याच्या खणात पडून राहतं. मात्र नेहमीच्या शोधात ते दिसत नाही. त्या खणात जाऊन शोधावं लागतं. तिनं मुलीला भरती कार्यालयाच्या पत्त्याचा शेवटचा भाग टाकायला सांगितला. कित्येक हजार मेलमधून एकच वर आला. कुत्र्यांचं खाणं आणि पडद्याचं कापड यांच्या मधोमध. शनिवारी दुपारी आलेला.

पडताळणी अमरावतीला. शुक्रवारी सकाळी अकराला. म्हणजे उद्या.

"उद्या?" वडील म्हणाले. "माय, उद्या?"

मुलगी रडली नाही. तिनं यादी वाचली: मूळ गुणपत्रिका, दाखला, दोन साक्षांकित संच. "एक संच आहे," ती म्हणाली, आणि उठली. माझ्या तीन दिवसांच्या शहाणपणाबद्दल चकार शब्द न काढता दोघं निघून गेली. तिनं दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मला खुर्चीत बसवेना. खिडकीशी जायचो, परत यायचो. प्रतीक्षा यादीत पहिला कोण, हे भरतीच्या जाहीर यादीत होतं. एक तरुण, पत्ता अकोल्याचाच. पण यादीत नाव असणं हा काही गुन्हा नाही. पुरावा काय? दुकानं सगळी देशाबाहेरची. त्यांना पत्र लिहून उत्तर येईपर्यंत मी निवृत्त होऊन चिखलदऱ्याला फिरून आलो असतो.

"सायेब," हवालदार दारात उभा. हातात एक कागद. "चिखलदऱ्याचं कायचं बुकिंग केलं होतं जी त्या पोरीनं?"

मी म्हणालो, माझ्या मनातलं तुम्हाला कसं ऐकू आलं?

ऐकू आलं नव्हतं. नोंदवहीत विषय लिहायचा म्हणून तो बिचारा चार दिवस गठ्ठा वाचत होता. सगळा इंग्रजी, त्यात दोनशे अठ्ठावीस नंबरचा कागद मराठी निघाला. चिखलदऱ्याच्या एका लॉजच्या व्यवस्थापकानं स्वतः लिहिलेलं उत्तर. आपण चौकशी केल्याप्रमाणे दोन खोल्या उपलब्ध आहेत, आपण दिलेल्या क्रमांकावर दोनदा फोन केला, उचलला नाही, कृपया कळवावे. खाली तो क्रमांक. मुलीचा नव्हता.

पत्ता ओतणाऱ्यानं परदेशी दुकानांच्या भरात हे एक गावठी पान भरलं होतं. तिथं मोबाइल नंबर दिल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही, आणि त्याच्या फोननं सवयीनं त्याचाच नंबर भरून टाकला. त्यानं पाहिलं नाही. शेकडो अर्ज भरणारा माणूस शेवटी वाचत नाही. सगळं वाचणारा एकच माणूस मला माहीत होता आणि मी त्याला त्यासाठी रागावलो होतो.

"नंबर कोणाचा, ते कंपनीला विचारावं लागेल," मी म्हणालो.

"ते इचारा. पन हा नंबर मी पाह्यला हाये, सायेब." हवालदार कपाटाकडे गेला, एक फाईल काढली, पानावर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे न पाहता फाईल माझ्यापुढे सरकवली.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही एका अभ्यासिकेत सायबर जनजागृतीचा कार्यक्रम घेतला होता. फलकावर सहा मान्यवरांचे फोटो, सातवा माझा. हार, शाल, दीपप्रज्वलन. मी चाळीस मिनिटं बोललो होतो: आपली माहिती कोणाही अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. आणि मी हे सांगत असताना माझ्याच आदेशानं सभागृहातून हजेरीचा कागद फिरत होता. नाव, मोबाइल, ई-मेल, सही. वरून उपस्थितीचा पुरावा मागतात म्हणून.

त्या कागदावर एकोणिसाव्या ओळीत मुलीचं नाव होतं आणि विसाव्या ओळीत त्या तरुणाचं.

बोलावल्याप्रमाणे शुक्रवारी सकाळी दहाला तो तरुण आला. नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. चांदूर बाजारकडच्या एका गावचा, अकोल्यात खोली घेऊन सहा वर्षं अभ्यास करणारा. मी तासभर त्याला प्रकरणाबद्दल काहीच विचारलं नाही. चहा दिला, गावाकडचं विचारलं, वय विचारलं. त्याची वयोमर्यादा त्या महिन्यात संपत होती. आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. ठाण्यात बसलेला माणूस दाराकडे पाहतो, कारण त्याला जायचं असतं. घड्याळाकडे पाहणाऱ्याला काही तरी पार पडायला हवं असतं.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. त्याचे खांदे खाली आले.

"झालं का?" मी विचारलं.

"काय सर?"

"ज्याची वाट पाहत होतास ते. ती पोहोचली आहे. साडेआठलाच अमरावतीच्या बसस्थानकावर उतरली होती."

त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. राग नव्हता. सहा वर्षांचा थकवा एकदम वर आला. मी लॉजचा कागद पुढं ठेवला. तो वाचून तो हलक्या आवाजात म्हणाला, "मी तिच्या मेलमध्ये शिरलो नाही, सर. पासवर्ड चोरला नाही. फक्त जाहिराती पाठवल्या. दोन दिवस बसून फॉर्म भरले. जाहिराती पाठवणं गुन्हा हाये का?"

"कशासाठी पाठवल्या, त्यावर आहे."

"पत्रं त्या आठवड्यात निघणार, हे यादीखालीच लिहिलेलं होतं. तिनं पत्र पाहिलं असतं तर पाहिलं असतं. मी तर चान्स घेतला फक्त."

"आणि तिचा मेल आयडी कुठून मिळाला?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहून बोलला. "तुमच्याच कागदावरून, सर. तुमी भाषण करून राह्यले होते तवा. माझ्या वरचीच लाइन होती. नाव वळखीचं वाटलं, परीक्षेले एकाच हॉलमंदी होतो. घेतला फोटो काढून."

हवालदार जबाब लिहीत होता. त्याचं पेन थांबलं. "सायेब, हे लिवू?"

"लिहा."

दुपारी साडेतीनला मुलीच्या वडिलांचा फोन आला. मागं बसगाडीचा गोंगाट होता. "सायेब, झालं. कागद सगळे बराबर निघाले. दुसरा संच सकाळी तिथंच झेरॉक्स काढून सही-शिक्का मारून घेतला." मी अभिनंदन केलं. ते पुढं म्हणाले, "पोरगी म्हनते, त्या हवालदार सायबाले सांगा, पयल्या दिवशी त्यायनंच मनावर घेतलं." हवालदाराला. रास्त होतं.

दोषारोपपत्राला हजेरीचा कागद जोडायचा म्हटल्यावर वरिष्ठांचा फोन आला. लॉजचं पत्र आहे, मोबाइल कंपनीचा अहवाल आहे, मग ठाण्याचा कागद कशाला चव्हाट्यावर आणता? त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. मी तो जोडला. माझ्याकडून खुलासा मागवला गेला आणि तो मी दीड पानात दिला. नोकरीतलं माझं सगळ्यात खरं लिखाण ते असावं. त्याला आवक क्रमांक पडला, पण कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

महिला शिपायानं जाताजाता मला काही सवयी लावल्या. बँक आणि सरकारी कामाला एक पत्ता, दुकानं-फॉर्मांना दुसरा. ज्या कार्यालयाच्या पत्राची वाट आहे, त्याचा मेल आपोआप वेगळ्या खणात पडेल अशी सोय. अनोळखी मेलला उत्तर नाही, त्यातलं काही दाबणं नाही. आठवड्यातून एकदा स्पॅमच्या खणातही डोकावायचं, कारण गाळणी कधी कधी खरं पत्रही अडवते. माझा ढीग दोन महिन्यांत ओसरला. पण माझी अस्वस्थता ओसरली नाही. कचरा बाहेरून येतो असं आपण धरून चालतो. आपण किती जणांचे पत्ते रस्त्यावर टाकून येतो, ते कोण मोजतं?

निवृत्तीनंतर मागच्या वर्षी अमरावतीत एका संस्थेनं माझा सत्कार केला. विषय अर्थातच सायबर सुरक्षा. शाल खांद्यावर पडली, नारळ मांडीवर आला, आणि व्यासपीठावरच माझ्यासमोर एक कागद आला. पेनाला दोरा बांधलेला. वर चाळीसेक माणसांची नावं, मोबाइल, ई-मेल, सुवाच्य अक्षरात. मी नाव लिहिलं, सही केली, मधले दोन रकाने मोकळे सोडले.

"सर, मोबाइल आन ई-मेल राह्यला," कार्यकर्ता कानाशी कुजबुजला. "पुढच्याले द्या लवकर."

मी कागद पुढच्याला दिला नाही. घडी करून शालीखाली धरला आणि बोलायला उभा राहिलो. पहिली वीस मिनिटं त्या कागदाबद्दलच बोललो. सभा संपल्यावर तो सचिवांच्या हातात दिला, तेव्हा ते फार काही खूश दिसले नाहीत. पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी मला बोलावलं नाही.