काढलेलं पान

माझी बायको जाऊन आठ महिने झाले. तिला मी एकदा फसवलं आणि ते न कळताच ती गेली. तेवढंच लिहायचं आहे. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढे सगळा जन्म बोटीवर इंजिनरूममध्ये. भाषा सांभाळून घ्या.

रायगडात तिच्या वडिलांनी तिच्या नावावर शेत केलं होतं. पावसात भात, भात कापल्यावर वाल. कडेला विहीर, तिचा सातबारा वेगळा. आम्ही सिंगापूरला आलो तरी दरवर्षी तिथले वाल डब्यात भरून यायचे. जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये ही फडक्यात बांधून मोड आणायची, सोलायची, बिरडं करायची. "आमच्या शेतातलं हं," असं पाहुण्याला ऐकवायची. पाहुणा चिनी असला तरी मराठीतच.

गुडघे गेले, गावी जाणं होईना, तेव्हा शेत विकायचं ठरलं. त्याच दिवसांत आमची मुलगी जेवताना म्हणाली, परदेशात काही शेतकरी जमिनीच्या कागदावरच लिहून ठेवतात. मालक बदलेल, पण इथे शेतीच होईल, बांधकाम कधीच नाही. एखादी संस्था त्यावर लक्ष ठेवते.

हिचा घास हातातच राहिला. "मग माझ्या शेतावर तसं लिहा."

"आपल्याकडे तसा कायदा नाही गं आई."

तरी ही ऐकेना. शेवटी गावच्या वकिलानं फोनवर वाट सांगितली. विहीर स्वतःकडे ठेवा आणि तिच्या पाण्याला धक्का नको म्हणून शेतात बांधकाम करायचं नाही, अशी अट घालून विका. व्यवहार माझा पुतण्या करणार होता. त्याच्या नावे मुखत्यारपत्र तयार झालं, त्यात एक अख्खं पान या अटीचं. मुलीनं ते वाचून आईला समजावून सांगितलं.

मग पुतण्याचा फोन. "काका, हे पान असलं तर गिऱ्हाईक दारात उभं राहणार नाही. काकूंचं काय ऐकता?"

मला कटकट नको होती. त्यानं ते पान काढून कागद पुन्हा पाठवले, मी तेच छापून घेतले.

हिची एक सवय होती. बँकेचा, इथे राहायच्या पासचा, कसलाही फॉर्म पुढे केला की विचारायची, "अहो, कुठे करू?" मी बोट ठेवायचो, तिथे सही. माझ्याहून जास्त शिकलेली, मॅट्रिक. पण माझ्या बोटाच्या वरचं कधी वाचलं नाही. मुखत्यारपत्रावर सही करायला भारतीय वकिलातीत गेलो, तिथल्या काउंटरवरही तसंच झालं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "लागलं ना ते पान?"

"लागलं."

मग हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, कॉफी प्यायलो. त्या दिवशी तिनं दुसरीही मागितली.

शेत विकलं गेलं, एन.ए. म्हणजे बिनशेती झालं, प्लॉट पडले. पुतण्यानं पाठवलेले फोटो मी फोनमधून काढून टाकले. वाल यायचे थांबले, तेव्हा तिला सांगितलं, नवा मालक चिकट आहे.

"न का देईना. पेरतोय ना?"

"पेरतोय."

गेल्या महिन्यात मुलगी विहीर विकायचे कागद माझ्या सहीसाठी घेऊन आली. "बाबा, तो शेतवाला विहीर मागतोय. देऊन टाकू. शेताला पाणी तरी लागेल."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातले कागद टेबलावर ठेवले.

"हॉस्पिटलमध्ये आईनं मला विचारलं होतं," ती म्हणाली. "ते पान आहे ना म्हणून. मी म्हटलं, आहे, मी स्वतः वाचलंय."

"वाचलं होतंस तू."

"पहिले कागद वाचले होते, बाबा."

कागद तिनं माझ्याकडे सरकवले. मी एकेक पान ओळीखाली बोट ठेवून वाचलं, पहिल्यांदाच. सही केली नाही. विहीर अजून तिच्याच नावावर आहे, भोवती सगळे प्लॉट. तिचं पाणी आता कुठल्या शेताला लावायचं, ते मला माहीत नाही.