सापाच्या मावशीची हमी

आमच्या परळच्या चाळीत विश्वास नावाचे दोघेजण राहत. वखारकाकांचा दोघांवरही नव्हता. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कारकून असलेल्या या माणसाने जन्मताना सुइणीकडेही तिरक्या नजरेनेच पाहिलं असणार. सकाळी ते आधी दुधाचा वास घेत, मग दूधवाल्याचा. मी गेलो की विचारत, "का आलास?" चहा संपला की पुन्हा, "आता खरं सांग, का आलास?" तेव्हा भिंतीभिंतीवर 'झालाच पाहिजे' रंगवलेलं होतं, मोर्चे निघत होते, आणि आपल्यात पोलिसांचा खबऱ्या कोण याचा काका रोज नव्याने शोध लावत. एकदा तर त्यांनी कल्हईवाल्याचा भाता तपासला.

इतक्या चौकशा करणाऱ्या माणसाचाच चाळीला संशय येणार, हे ओघाने आलं. त्यात ते एक दिवस वखारीतून, झाकणाला भोकं पाडलेला बिस्किटांचा डबा घेऊन आले आणि दार लावून त्याच्याशी बोलू लागले. भिंतीला कान लावून मंडळींनी ठरवलं, आत यंत्र आहे, काका बातम्या पुरवतात. रविवारी सकाळी सगळ्यांनी त्यांना डब्यासकट चौकात उभं केलं आणि झाकण काढायला लावलं.

आतून वीतभर लांब, तपकिरी, तुकतुकीत काहीतरी वळवळत बाहेर आलं. "फुरसं!" म्हणत थोरला विश्वास दांडकं घेऊन धावला. काका आडवे आले.

"आधी पाय बघ."

पाय होते खरे. पण इतके इवले, की कुणी लिहिता लिहिता अंगावर चार स्वल्पविराम सांडले असावेत.

तळमजल्यावरच्या मालवणी आजी पुढे झाल्या. "अरे मेल्यानू, ती सापाची मावशी. ती खंय चावता?"

"घाटातून आलेल्या ओंडक्याच्या सालीत सापडली," काका म्हणाले. "मलाही संशय आला होता. साप म्हणावा तर पाय, पाल म्हणावी तर सरपटते. नक्की कुणाच्या बाजूची? म्हणून समोर बसवून रोज उलटतपासणी घेतली. कुणाच्याच बाजूची नाही रे ती. पाचोळ्यात राहते, किडे खाते. हिची हमी मी घेतो."

सख्ख्या मेव्हण्याची हमी न घेणारा माणूस हे बोलत होता. दांडकं आपोआप खाली आलं.

तिला जंगलात सोडून यायला थोरला विश्वास ओशाळून तयार झाला, पण काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वखारीच्या रिकाम्या ट्रकमध्ये डबा मांडीवर घेऊन ते स्वतःच घाटात गेले. परतल्यावर एवढंच म्हणाले, "पाचोळ्यात शिरली. मागे वळून पाहिलं नाही."

पुढे महाराष्ट्र झाला, भिंतींवरची अक्षरं पुसट झाली. मी माटुंग्याला राहायला गेलो. एकदा भेटायला आलो, तेव्हा काका फार थकले होते. चहा संपला, आणि मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत बसलो. तो आलाच नाही. फळीवरच्या रिकाम्या डब्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मावशी असेल का रे अजून?"

"असेल की," मी म्हणालो. मला काय ठाऊक असणार? पण काकांनी मान डोलावली, डोळे मिटले आणि 'कशावरून?' असं विचारलं नाही.