शब्द सोलणाऱ्या कर्णिकबाई

कर्णिकबाई जेवताजेवता मध्येच उठायच्या. ताटात वरणभात तसाच, उजवा हात खरकटा, आणि डाव्या हाताने शब्दकोशाची पानं उलटणं चालू. बडोद्याच्या गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीत त्या आमच्या शेजारी एकट्या राहत. मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या कोशांवर हळदीचे ठसे होते. मी एकदा म्हटलं, "बाई, जेवून मग बघा ना." तर म्हणाल्या, "शब्द अडला की घास उतरत नाही गं."

बाबांची साताऱ्याहून बडोद्याला बदली झाली, त्याच आठवड्यात आईने मला त्यांच्याकडे विरजण आणायला पाठवलं. बाईंनी माझी वाटी घेतली आणि विचारलं, "विरजण. फोड कर बघू."

मी गडबडले. "वि अधिक… रजण?"

"रजण म्हणजे काय?"

"माहीत नाही."

"मलाही नाही! चल, बघू या."

तीन कोश निघाले. मी घरी परतले तोवर दूध पार गार झालं होतं आणि आईचं डोकं तापलं होतं.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी शब्द सुटा करायचा, अर्थाचा अंदाज बांधायचा, मग कोश उघडायचा. "शब्द कोबीसारखा चिरू नये, संत्र्यासारखा सोलावा. फोडी आपापल्या सुटतात." अंदाज बरोबर आला म्हणून मी फुशारले की लगेच, "अंदाज हा पाहुणा. घराचा मालक कोश!"

मी बी.कॉम. झाले तेव्हा बडोद्यात जो तो एक्स्पोर्ट करायला निघाला होता. वरच्या मजल्यावरच्या कोकिलाबेनचे भाऊ जयंतीभाई यांनीही तशीच छोटी कंपनी काढली होती. त्यांनी मला मुलाखतीला बोलावलं. इंग्रजीची मला धास्ती, म्हणून बाईंनी महिनाभर पुढ्यात बसवलं. "पोर्ट म्हणजे वाहून नेणं. एक्स बाहेर, इम आत, ट्रान्स पलीकडे. एका मुळाशी ओळख झाली की सगळं कुटुंब चहाला येतं."

नेमकी मुलाखतीच्या सकाळी बाबांची स्कूटर घसरली आणि पाय मोडला. आई आणि मी त्यांना घेऊन दवाखान्यात निघालो. मजल्यावर फोन फक्त बाईंकडे. जिन्यातूनच मी ओरडले, "बाई, जयंतीभाईंना कळवा!"

बाईंनी कळवलं, तेही चक्क गुजरातीत: "एना पप्पानो अपघात थयो छे. आजे नहीं आवे."

संध्याकाळी बाबा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून भजी खात होते. दार वाजलं. उघडलं तर जयंतीभाई आणि त्यांची पत्नी, दोघंही पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. जयंतीभाई मान खाली घालून आईला म्हणाले, "बहु खोटुं थयुं, बेन." फार वाईट झालं, असं त्यांना म्हणायचं होतं.

आतून बाबा कडाडले, "खोटं? अहो, प्लास्टर दिसत नाही का?"

जयंतीभाईंच्या पत्नीने भिंतच धरली.

गलका ऐकून बाई आल्या, पाठोपाठ पादरा गावाहून नुकत्याच परतलेल्या कोकिलाबेन. फोनवर काय बोलणं झालं ते ऐकून कोकिलाबेन हसत जिन्यातच बसल्या. "बाई, अमारामां आपघात एटले पोते पोतानो जीव लेवो! पडी जाय एने तो अकस्मात कहेवाय."

"आत्महत्या? आणि पडण्याला अकस्मात? आमच्यात अकस्मात म्हणजे अचानक!" बाई म्हणाल्या.

"तो अमे अकस्मात ज आव्या छीए," जयंतीभाई म्हणाले. सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. खुर्चीवर टेकून म्हणाल्या, "जन्मभर मुलींना सांगितलं, कोश बघितल्याशिवाय बोलू नका. आणि इतकी वर्षं या गावात राहून माझ्या घरात गुजराती कोश नाही." मग जयंतीभाईंपुढे हात जोडले. "भाई, भूल मारी छे. पोरीची संधी घालवू नका."

जयंतीभाईंनी एक भजं उचललं आणि तिथेच मुलाखत सुरू केली. "ट्रान्सशिपमेंट एटले शुं?"

हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, "ट्रान्स म्हणजे पलीकडे. म्हणजे माल एका जहाजातून दुसऱ्यात हलवणं असावं. पण डिक्शनरीत बघून नक्की सांगते."

"मारे त्यां बधाने बधुं आवडे छे," ते म्हणाले, "जोतुं कोई नथी. सोमवारथी कामे लागी जाव." सगळ्यांना सगळं येतं, बघून खात्री कोणी करत नाही, हे त्यांचं दुखणं होतं.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी गुजराती कोश आणला आणि अडुसष्टाव्या वर्षी कोकिलाबेनकडे रोज दुपारी पाटी घेऊन बसू लागल्या. कोकिलाबेन माझ्याकडे तक्रार करायच्या, "तारी बाई ढोकळां खावा नथी देती. पहेलां फोड करावे छे!"

काही वर्षांनी भाची त्यांना पुण्याला घेऊन गेली. तिथून त्या कोकिलाबेनना पत्रं लिहीत, गुजराती लिपीत, शाळकरी टपोऱ्या अक्षरात. एका सकाळी भाचीचा फोन आला, बाई गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी आधीच टाकलेलं पत्र पोहोचलं. शेवटी लिहिलं होतं, "भूल होय तो सुधारजो."

कोकिलाबेन ते घेऊन माझ्याकडे आल्या. आम्ही दोघींनी मिळून वाचलं. चार चुका होत्या. माझ्या टेबलावर लाल पेन पडलं होतं. कोकिलाबेननी पत्राची घडी घातली आणि म्हणाल्या, "बधुं बराबर छे."