कूलरपुढचं जंगल

एप्रिल लागला की आमच्या पुलगावात घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात. वर्षभराची धूळ झटकायची, जुन्या ताट्यांचं काळं पडलेलं गवत फेकायचं, नव्या ताट्या बसवायच्या, टाकीत बादल्या ओतायच्या. मग पंप घुरघुरतो, पाणी वर चढतं, त्या कोऱ्या गवतावरून पहिल्यांदा खाली झिरपतं, आणि खोलीभर एक वास पसरतो. ओल्या लाकडाचा, थोडा शेवाळाचा, थोडा कुठल्यातरी सावलीचा. हा वास आला की बाकीची मंडळी म्हणतात, चला, उन्हाळा लागला. मला मात्र समुद्राकाठचं जंगल दिसायला लागतं. आता वर्धा जिल्ह्यातल्या माणसानं समुद्राच्या गोष्टी करू नयेत. आमच्याकडे समुद्र म्हणजे समुद्रपूर, आणि तिथे लाटा नाहीत, एसटी येते. पण खरं सांगतो, ते जंगल प्रत्यक्ष पाहायच्या आधी कितीतरी उन्हाळे आम्ही ते याच वासात बसून पाहिलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझा मामा, ज्याच्या घरी मी वाढलो.

मामा गावातल्या कापड मिलच्या विणाई खात्यात होता. चालू मागांची खोली ज्यानं ऐकली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. मी कशाचीही नक्कल करतो. हेडमास्तरांची, कंडक्टरची, स्टेशनवर गाडी लेट आहे हे आनंदाची बातमी असल्यासारखं सांगणाऱ्या बाईची. पण ती खोली मला कधी जमली नाही. तिला एका वेळी शंभर तोंडं लागतील. त्या आवाजात माणसं बोलत नाहीत, हातांनी आणि ओठांनी सांगतात. दोन बोटं ओठाशी नेली की चहा. कपाळावरून अंगठा फिरवला की साहेब येऊन राह्यला. मामानं तिथे उमेदीची वर्षं काढली, आणि त्याचे कान हळूहळू त्या खोलीतच राहून गेले. बारीक आवाज आधी गेले: घड्याळाची टिकटिक, डास, मामीच्या बांगड्या. मामी म्हणायची, "बांगड्या नाई ऐकू येत ते समजू शकते मी. पण भांडे आपटले तरी हा माणूस पेपरच वाचून राह्यते." डॉक्टरनं सांगितलं होतं की जे उरलंय तेही एक दिवस जाणार. कानातलं मशीन आणलं, तर मामा दोन दिवसांत म्हणाला, "डब्यात खडे घालून हालवल्यासारखं वाटते," आणि ते मशीन कपाटातल्या लवंगांच्या डबीत जाऊन पडलं.

या मामाला नाद होता जंगलाचा. सुटी मिळाली की मला घेऊन बोर धरणाजवळच्या जंगलात जायचा. आमची जंगलं म्हणजे सागाची, उन्हाळ्यात पार उघडी पडणारी, पायाखाली पापडासारखी पानं मोडणारी. तिथे जनावर पाहायची एकच रीत, ती आमच्याकडे लहान पोराला पण माहीत असते: मे महिन्यात जायचं, नाले आटले की कुठेतरी एखादं डबकं उरतं, त्या पाणवठ्यापाशी खाकी कपडे घालून दगडासारखं बसायचं. तहान सगळ्यांना तिथेच आणते. बसल्या बसल्या मामा हातानं विचारायचा, कोण बोलून राह्यलं? मी ऐकायचो, आणि मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ते पाखरू जाड आवाजात करून दाखवायचो. सुभग पाखराची रेशमी शीळ मी रेड्याच्या आवाजात वाजवली आहे. मामा डोळे मिटून मान डोलवायचा. कधी मला लहर आली तर मी पाखराच्या सुरात घालायचो, "मामाजी, चहा पाजाऽऽ चहा पाजाऽऽ." मग तो डोळे न उघडता म्हणायचा, "हे पाखरू आहे का कंडक्टर बे?" माझ्या तोंडून गेलेली ती पाखरं मूळ पाखरांना कितपत ओळखू आली असती, देव जाणे. पण मामाच्या जंगलात तीच उडायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा वाचनालयातून मी पाखरांचं एक पुस्तक आणलं. कूलरपुढे सतरंजी टाकून आम्ही दोघं त्यातली चित्रं पाहत होतो आणि एका पानावर महाधनेश निघाला. डोक्यावर पिवळी टोपी, चोच पाहावी तर विळ्यासारखी, आणि खाली लिहिलं होतं की हे पाखरू उडतं तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो, दूरवर ऐकू जातो. मामानं ते वाक्य बोट ठेवून पुन्हा वाचलं. आमच्या गावातून आर्वीला छोटी गाडी जायची. तिचं वाफेचं इंजिन मामाच्या लहानपणापासूनचं ओळखीचं. तो पुस्तकावरून मान वर करून म्हणाला, "एवढा मोठा आवाज असन, तर मलेबी ऐकू येईन."

"येईन ना," मी म्हणालो.

"तू नको करून दाखवजो हे. हे मी माह्या कानानं ऐकीन."

एवढंच. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक सहल सुरू झाली, जी निघायलाच चार-पाच उन्हाळे लागले. शाळेच्या ॲटलासमध्ये मामानं गोव्याच्या खाली, कारवारच्या अंगाला, जिथे हिरवा रंग निळ्याला जाऊन टेकतो तिथे बोट ठेवलं. एका बारक्या निळ्या रेघेवर ते बोट थांबलं. "हा ओढा. हाच आपला पाणवठा. मे महिन्यात जायचं." यावर कोणाचा काही आक्षेप नव्हता, मे सोडून माणूस जंगलात जाईल कशाला? मग खाकी कापड आणलं, दोघांना शिवलं. बसायचं कसं, हात कुठे ठेवायचे, धनेश आला की मी मामाच्या खांद्यावर हात ठेवायचा, सगळं ठरलं. मी स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात आमची गाडी जाहीर करायचो, "पुलगाव से चलकर, समुंदर की ओर जानेवाली मामा-भांजा एक्सप्रेस, अपने निर्धारित समय से एक साल देरी से चल रही है." मामा माझ्या ओठांवरून ते वाचून हसायचा. मामी भाकरी थापता थापता आतून बोलायची, "तिथं म्हणते जळवा राह्यतेत. झाडावरून टपकतेत. वाघ नाई, काई नाई, एका पाखरासाठी अंगातलं रगत देऊन येजा."

ते 'एक साल देरी'चं प्रकरण मात्र हसण्यावारी राहिलं नाही. एका वर्षी माझी परीक्षा आली, एका वर्षी घरात लग्न, नंतर मिलचंच काही खरं राहिलं नाही. दर उन्हाळ्यात कूलर उतरायचा, वास सुटायचा, ॲटलास निघायचा, आणि दर उन्हाळ्यात मामाचे कान थोडे आणखी दूर गेलेले असायचे. आर्वीच्या गाडीला एव्हाना डिझेलचं इंजिन लागलं होतं, पण शिट्टी होती. आधी ती मामाला घरात बसून ऐकू यायची. मग अंगणात गेलं तर. मग फाटकापाशी. मग एका संध्याकाळी आम्ही रुळाजवळून येत होतो, गाडी शिट्टी वाजवत गेली, आणि मामा माझ्याशी बोलतच राहिला; धूळ उडाली तेव्हा त्यानं वळून पाहिलं. रात्री जेवताना मी मामीला म्हणालो, "या मे महिन्यात आमी जाऊन राह्यलो. कोणाचं लग्न निघालं तर आमच्याबिना लावून टाका."

मामीनं मग हात आखडता घेतला नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, लोणचं, जळवांसाठी तंबाखूची पुडी, आणि या सगळ्यापेक्षा जड, पाण्याचे दोन मोठे कॅन. "अनोळखी जंगल आहे. पाणी भेटते नाई भेटत." आम्हालाही ते पटलं. तर असे आम्ही दोघं, उभ्या हिंदुस्थानात जिथे पाण्याची कमी नाही अशा जागी, पुलगावचं पाणी वाहून नेणारे पहिले प्रवासी.

ते जंगल कसं होतं हे सांगायला मला माझ्या भाषेत फार शब्द नाहीत, कारण माझी भाषा उन्हात वाळवलेली. तिथे ऊन खाली पोचायचंच नाही. झाडांवर झाडं, वेलींवर वेली, दगडाला हात लावला तर दगड ओला. आणि या सगळ्याला कूलरचा वास, पण असा की कूलर केवढा असेल याचा अंदाजच येऊ नये. झाडांच्या फटीतून समुद्राचा एक खारा झोत मधूनच यायचा. त्या हिरव्यागार रानात आमचे खाकी कपडे असे उठून दिसत होते की माकडं आम्हाला पाहायला जमली. तरी आम्ही मुकाट ओढ्यापाशी दगड होऊन बसलो. सकाळ गेली. दुपार गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बेडूक आले, फुलपाखरं आली, एक खंड्या येऊन आमच्याकडे नापसंतीनं पाहून गेला. पाण्यावर कोणी म्हणजे कोणी आलं नाही. मामाचा चेहरा मी पाहत होतो. तो ओढ्यावरून नजर हलवत नव्हता, आणि त्याच्या त्या न हलण्याची मला भीती वाटायला लागली होती. आता आला नाही तर पुढच्या मे महिन्यात मामाला ऐकू येणारं काय उरणार होतं?

आम्ही जिच्या घरी उतरलो होतो ती बाई संध्याकाळी गाय बांधायला निघाली, तेव्हा आम्हाला ओढ्यावरून परत येताना पाहून थांबली. तिनं विचारलं, पाण्यापाशी बसून काय करता? मी सांगितलं, जनावर पाणी प्यायला येईल म्हणून. ती आधी नीट समजून घेत राहिली, आणि मग पदर तोंडाला लावून जी हसली ती गाय पुढे निघून गेली तरी हसतच राहिली. "अरे बाबा, पाणी सगळीकडे आसा. हांगा कोण कित्याक येतलो?" म्हणजे, इथे कोण कशाला येईल? आणि धनेश तर, ती म्हणाली, पाणी पितच नाही जवळजवळ, फळांतच त्याचं पाणी. घरामागचा उंबर पिकलाय, त्याच्याखाली बसा. मी तिचं सगळं बोलणं, हसण्यासकट, मामाला करून दाखवलं. मामा म्हणाला, "म्हंजे हितं कोणाले तहानच नाई." मग कॅनमधलं पुलगावचं पाणी त्यानं गाईच्या टोपलीशेजारच्या बादलीत ओतलं. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उंबराखाली बसलो. फळं पटापट पडत होती, वर हिरव्या कबुतरांची गडबड होती, आणि एका फांदीवर शेकरू आपली लांब शेपूट सोडून असं काही बसलं होतं की मी त्याच्याकडेच पाहत राहिलो. म्हणजे माझं लक्ष नव्हतं. आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

मामाचा हात. मी ठेवायचा होता तो.

मी वळून पाहिलं. मामा वर पाहत नव्हता, कुठेच पाहत नव्हता. मान थोडी खाली, डोळे मिटलेले, रस्त्यानं जाताना ओळखीच्या माणसानं मागून हाक मारल्यावर आपण थबकतो तसा तो थबकला होता. त्याच्या हाताची बोटं माझ्या खांद्यावर सावकाश दबत होती आणि सुटत होती, दबत होती आणि सुटत होती. मग डोक्यावरची सावली क्षणभर दाट झाली, फांदी वाकली, आणि पिवळ्या टोपीवाला तो महाधनेश चोचीत एक उंबर उडवून झेलत आमच्या अगदी वर बसला होता. मामानं डोळे उघडले. "इंजिनच आहे लेका," तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं की पाखरू उडालं. मामाला आपला आवाज केवढा होतो ते कळायचं नाही. मला राग यायला हवा होता. मी हसत होतो, आणि मामा पण.

गावी आल्यावर मामानं तो आवाज सगळ्यांना करून दाखवला. पानठेल्यावर, मिलच्या जुन्या सोबत्यांना, लग्नांमध्ये. ओठांचा चंबू करून, दोन्ही हात हलवत, हूफ्, हूफ्, हूफ्. त्याला नक्कल अजिबात जमत नाही. पोरं हसायची, मामी म्हणायची, "झालं, आता घरात दोन झाले." मला लोक म्हणायचे, तू करून दाखव, तुले जमन. मी कधी केला नाही. लोकांना वाटायचं मी मामाचा मान ठेवतो.

आता मामाला काहीच ऐकू येत नाही. आम्ही मिलवाल्या हातांनी बोलतो. मिल राहिली नाही, तिची भाषा आमच्या घरात राहिली आहे. परवा कूलर लावला, वास सुटला, आणि मला फार वर्षांचं एक कुतूहल विचारून घ्यावंसं वाटलं. मी त्याच्यासमोर बसून ओठ नीट हलवत विचारलं, "मामाजी, तवा तुमाले खरंच पाखराचा आवाज आला होता, का हवेचा धक्का लागला, का जुनं इंजिन आठवलं?"

मामानं उलट मलाच विचारलं, "तुले काय ऐकू आलं होतं, ते सांग पहिले."

मी आठवायला लागलो. शेकरू आठवलं. खांद्यावरची बोटं आठवली, त्यांचं दबणं आणि सुटणं. मामाचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा तर आजही रेघ न् रेघ काढता येईल. पण पंखांचा आवाज माझ्याजवळ नाही. तो डोक्यावरून गेला तेव्हा मी मामाला पाहत होतो. उभ्या जन्मात कानावर पडलेलं काही मी सोडलं नाही, आणि तो एक आवाज या घरात ज्याला ऐकू येत नाही त्याच्याचजवळ आहे.

मी नाही अशी मान हलवली. मामा हसला. उठून कूलरपाशी गेला आणि पाणी चढतंय का ते पाहायला त्याच्या पत्र्यावर तळहात टेकला, तो रोज टेकतो तसा. मग मला जवळ बोलावलं, माझा हात धरून आपल्या हाताशेजारी पत्र्यावर ठेवला, आणि आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. पत्रा थरथरत होता. थंड, ओला, एकसारखा.