पॅरोस्मिया म्हणजे पारोसा नव्हे

"पॅरोस्मिया," डॉक्टरीणबाई मोबाइलच्या पडद्यावरून म्हणाल्या.

मी म्हटलं, "नहीं मॅडम, रोज नहाता हूँ. दो बार."

बाई केरळच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हे माझं नशीब. शारजातल्या खोलीत गंजीफ्रॉकवर बसलेल्या माझ्याकडे त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, आंघोळीचं मध्येच काय काढलंत? आता त्यांना काय सांगणार! आमच्या हातखंब्याकडच्या गावात आंघोळ न करता जो चुलीपाशी जातो तो पारोसा. ह्या एका शब्दावर मी लहानपणी इतका मार खाल्लाय, की नुसतं 'पारोस्' कानावर पडलं तरी हात तांब्याकडे जातो.

बाईंनी समजावलं. पॅरोस्मिया म्हणजे वास उलटेपालटे होणं. विषाणू नाकातल्या वास ओळखणाऱ्या नसा दुखावतो. त्या पुन्हा वाढतात, पण वाढताना जोडणी चुकते. मी एसी दुरुस्तीवाला, वायरिंगची भाषा मला लगेच कळते. खोबऱ्याची वायर गटाराला जोडली गेली होती.

चहा ज्यांना सडका लागतो आणि घरचे ज्यांना 'नाटकं करतोस' म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाटक नसतं ते. मात्र मी जे केलं ते करू नका.

सुरुवात बांगड्यापासून झाली. लॉकडाऊन लागला, कामं बंद पडली. खोलीत आम्ही दोघंच. दुसरे इक्बालभाई, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, क्रेन चालवणारे, माझ्याहून वडील. वेळ जाईना तसे इक्बालभाई खोक्यांच्या पुठ्ठ्यांची गलबतं करायला लागले. मी म्हटलं, आपणही काहीतरी छंद धरू. खाली दुकानात ताजा बांगडा आला होता. मी खारवायला घेतला.

हे काम आमच्याकडे बायका डोळे मिटून करतात. पोट साफ करायचं, मीठ दाबून भरायचं, थरावर थर रचायचे, पाणी सुटलं की उन्हात. मी डोळे उघडे ठेवून केलं आणि तिथेच घात झाला. मला ब्लडप्रेशर. म्हणून मी खाऱ्या बांगड्यात मीठ बेताचं घातलं.

पुढे अंगात कणकण आली. एसीने असेल, असं निदान मीच केलं. इक्बालभाईही शिंकत होते. रोज बाल्कनीत जाऊन मी बांगडे उलटवायचो, हुंगायचो. वास म्हणून नाही! ना हिवस, ना कुबट. मी इक्बालभाईंना हुंगायला दिले. तेही म्हणाले, "हात बसलाय तुझा, सदा. बाजारात बसलास तर चालतील." माशा घोंगावत होत्या, पण माशा काय, आईच्या वाळवणावरही असायच्या.

मग वॉचमन आला. तोंडावर मास्क, मास्कवर रुमाल, रुमालावर हात. म्हणाला, "भाईसाब, अंदर कोई मर गया है क्या?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग बाल्कनीत जाऊन मी एक बांगडा उचलला, तर तो हातात आला नाही. वरची कातडी तेवढी आली. खाली पांढरं काहीतरी वळवळत होतं, भात शिजताना हलतो तसं. ते मी रोज नाकाला लावत होतो. मी बेसिनकडे पळालो, इक्बालभाई माझ्या आधी पोचले होते.

तपासणीत दोघंही पॉझिटिव्ह. वास साफ जाण्याला अनॉस्मिया म्हणतात, हे तेव्हा कळलं. आमचा आजार डॉक्टरांच्या आधी बांगड्याने ओळखला होता.

इक्बालभाईंचं नाक लवकरच सरळ परत आलं. माझं आलं ते वाकडं. एका सकाळी दात घासताना तोंडात मेलेली पाल आहे असं वाटलं. ती टूथपेस्ट होती. कांदा चिरला तर जळकं रबर. कॉफी म्हणजे भरलेलं गटार. स्वतःचा घामसुद्धा सडलेल्या फणसासारखा, म्हणून दोनदा आंघोळ, आणि साबण त्याहून वाईट. मी कोरडा पाव आणि गार दही खाऊन जगलो. सगळ्या जगाची किळस येत होती, आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता.

अशा नाकाने मी सुगंधाचा मसाला उघडला. सुगंधा माझी बायको. हसू नका, नाव तिच्या वडिलांनी ठेवलंय. लॉकडाऊनच्या आधी इक्बालभाईंच्या पुतण्याबरोबर तिने घरचा मसाला धाडला होता. मिरच्या तिनेच वाळवलेल्या, भाजण्यात हात पोळून घेतलेला. मी पिशवीत नाक घातलं आणि मागे कोलमडलो. पिशवीला गाठ मारून ती सरळ कचऱ्यात टाकली आणि वर शहाणपणा म्हणून व्हिडिओ कॉल लावला.

"तुझा मसाला कुजलाय गो. फेकून दिला."

फोनचा कॅमेरा छपराकडे वळला. त्यानंतर फोन लावला की आई उचलायची आणि सुगंधा कायम विहिरीवर असायची. आमच्या घरात नळ आहे.

म्हणून मी डॉक्टर गाठला. नाकासाठी थोडा, बायकोसाठी जास्त. कारण मनात एक भीती बसली होती. उद्या विमानं सुटतील, मी घरी जाईन, पानावर बसेन आणि तिच्या हातचं अन्न तोंडातून बाहेर काढीन. मग कुठलं घर आणि कुठला मी?

निदान कळलं तसा आईला फोन केला. आवाज तुटत होता.

"आई, मला पॅरोस्मिया झालाय."

"काय झालाय?"

"पॅरोस्मिया! पॅरोस!"

"मेल्या, मग आंघूळ कर ना! डॉक्टरला कशाला पैसं देतोस?"

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, की सदा परदेशात आंघोळ करत नाही आणि डॉक्टरने तसं लिहून दिलंय.

इकडे मी इक्बालभाईंना सांगितलं, मसाला चांगला होता, माझंच नाक फिरलंय. ते गलबताला शीड चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "चांगला म्हणजे? फर्स्टक्लास आहे."

"आहे?"

"कचऱ्यातनं मीच काढला. पिशवी बंद होती रे वरनं. रोज अंडाकरी कशात करतो मी?"

मी बाल्कनीत नाकापुरता मास्क लावून पाव चावायचो तेव्हा हा माणूस आत माझ्या बायकोचा मसाला चाटत होता! "सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू परत फेकला असतास."

खरं होतं. त्यांनीच मग सुगंधाला फोन करून मसाल्याची तारीफ केली. तिने त्यांचे आभार मानले. फोन मला द्यायला सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्मेल ट्रेनिंग सांगितलं होतं, म्हणजे नाकाची शाळा. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं आणि तो वास मनात आठवायचा. महिनोन् महिने. दुसरं हमखास औषध नाही. गुलाबाच्या जागी आम्ही इक्बालभाईंचं अत्तर घेतलं. ते हुंगताना मी ओकारी दाबायचो आणि इक्बालभाई विचारायचे, "ताजमहाल आठवतोय का?" आधी लवंग सुधारली. मग लिंबू, अर्धवट.

विमानं सुटली, मी घरी आलो. हातखंब्याला वडे तळत होते, मला टायर जळतोय वाटलं. गावच्या शाळेत विलगीकरण झालं, मग घर. मनाशी शपथ घेतली होती, सुगंधाच्या कुठल्याही वस्तूला पुन्हा कुजलेलं म्हणायचं नाही. नाक काहीही बोंबलो, गिळायचं. आणि मी गिळत होतो. नाकाचं सगळं ऐकून ती बोलायला लागली होती, पण कामापुरतं. वाढताना माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

एका दुपारी तिने आदल्या दिवसाचं बांगड्याचं कालवण वाढलं. मुरलेलं कालवण मला फार आवडतं. वादळी वाऱ्याने लाइट रात्रभर नव्हती. सुगंधाला सर्दी, नाक चोंदलेलं. वाटी जवळ आली आणि मला भपकारा आला. आंबूस, सडका, बाल्कनीतल्या बांगड्याचा सख्खा भाऊ. नाक म्हणालं, नासलंय. मी नाकाला म्हटलं, गप, तू कॉफीलापण हेच म्हणतोस.

"चांगलं झालंय ना?" तिने विचारलं.

"झकास," म्हटलं. वाटी संपवली. आणखी मागून घेतलं.

एवढ्यात आई मागल्या दाराने आली. टोप उघडला, नाकाला पदर लावला. "अगो सुगंधा, ह्या नासलाय! फेस आलाय वर! खाल्लान कोणी?"

सुगंधा माझ्याकडे बघत राहिली. "अहो, तुम्हाला वास नाही आला?"

"आला ना!" मी उडालोच. "आला! हाच आला! बरोबर आला!" रिकामी वाटी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात नाचलो. थोडा वेळच. मग परसाकडे धावलो.

फूड पॉयझनिंग, म्हणजे अन्नातून विषबाधा. गावचे डॉक्टर घरी येऊन सलाइन लावताना म्हणाले, "वास येत असताना खाल्लंत?" त्यांना सगळी कथा सांगायची ताकद नव्हती. म्हटलं, "लग्न झालंय."

सुगंधा खाटेपाशी बसली होती. सलाइनची नळी सरळ करत म्हणाली, "आता नासलं असेल तर सांगायचं."

"आणि चुकलो तर?"

"चुकलात तर मी भांडेन. पण सांगायचं. गप्प बसून खाऊ नका."

मला पुन्हा उमासा आला. तिने पदराने माझं तोंड पुसलं. सकाळी ती मसाला कुटायला गेली होती. पदराला मिरचीचा, धण्याचा, किंचित करपलेल्या खोबऱ्याचा वास होता. जसा असायला हवा तसा. मी पदर सोडेना.

दारातून आईचा आवाज आला, "बरा वाटतंय ना? मग ऊठ मेल्या, आंघूळ कर. किती येळ पारोसा पडून ऱ्हाणार हायस?"