धुतलेला धूर

डागदर मला पहिल्यांदा दिसला तो माझ्या दारात, खांद्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन. आम्ही नुकतेच या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. लिफ्ट तेव्हाही नव्हती, आजही नाही. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत मी निरोप ठेवला होता, म्हणून तो आला होता. मी माझी पांढरी साडी पुढे केली. सहावीच्या वह्या तपासताना पदरावर लाल शाई सांडली होती. त्याने बोचकं खाली ठेवलं, पदर खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं,

"कधीपासून आहे?"

"मंगळवारपासून."

"आधी काही लावलंत?"

"मीठ चोळलं थोडं."

"कोणी सांगितलं?"

"शेजारणीने."

त्याने डोळे मिटून मान हलवली. "लोक आधी घरगुती उपाय करतात, आणि केस हाताबाहेर गेली की माझ्याकडे येतात. असू द्या, बाई. चार दिवस ठेवून घ्यावी लागेल."

पाचव्या दिवशी साडी परत आली. शाई कुठे सांडली होती, ते मला स्वतःला सांगता येईना. जुनी माणसं डॉक्टरला डागदर म्हणतात. या माणसाला आमची सगळी गल्ली डागदर का म्हणते, ते मला तेव्हा कळलं. तो पहिल्यांदा आला त्या दिवशी एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. तीन जिने चढून, पाठीवर आठ घरांचे कपडे घेऊन, इतकं बोलूनही त्याला धाप लागली नव्हती. ते मला पुढे वीस-एकवीस वर्षांनी आठवलं.

त्याचं दुकान म्हणजे पुढे इस्त्रीचं टेबल आणि काउंटर, मागे दोन खोल्यांचं घर आणि त्यामागे कपडे वाळत घालायचं छोटं अंगण. दुकानात त्याचे दोनच नियम होते. डागाबद्दल गिऱ्हाइकाने खोटं बोलायचं नाही, हा पहिला. "पेशंटने खरं सांगितलं पाहिजे," असं तो म्हणायचा. एका गृहस्थांनी कॉलरवरची लिपस्टिक टोमॅटो सॉस म्हणून खपवायचा प्रयत्न केला, तेव्हा डागदरने त्यांच्या बायकोसमोरच विचारलं होतं, "सॉस खाताना मान इतकी वळते का हो, साहेब?" दुसरा नियम त्याच्या वडिलांच्या काळातला. कोळशाची इस्त्री पेटवायची ती उघड्यावर, बंद खोलीत कधीच नाही. डोकं चढतं. विजेची इस्त्री येऊन किती वर्षं झाली, तरी हा नियम तो नव्या नोकराला पहिल्याच दिवशी सांगायचा.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या शिंप्याच्या भाच्याने कुठलंसं कॅफे काढलं आणि सहा महिन्यांत बंद केलं. त्यातला एक हुक्का शिंप्याच्या वाट्याला आला. शिंप्याकडे बसायला जागा नव्हती, डागदरकडे अंगण होतं. संध्याकाळी दुकान आवरलं की वाळणाऱ्या चादरींच्या आडोशाला दोन खुर्च्या पडू लागल्या, मग चार. सफरचंदाचा गोड वास गल्लीत यायला लागला आणि आमच्या चादरींनाही.

डागदरने उभ्या जन्मात कधी विडी-सिगारेट ओढली नव्हती. मी आश्चर्याने विचारलं, तर तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, सिगारेट म्हणजे मळका धूर. हा पाण्यातून येतो, गुडगुड गुडगुड. म्हणजे खंगाळूनच येतो की. हा धुतलेला धूर."

दुसरा कोणी हे बोलला असता तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं. पण ज्याचा सगळा जन्म मळक्या वस्तू पाण्यात घालून स्वच्छ बाहेर काढण्यात गेला, त्याने पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणी ठेवायचा?

त्याच्या बायकोचा मात्र पाण्यावर काडीचा विश्वास नव्हता. हुक्क्याला ती 'सवत' म्हणायची. "बाई, सवतीला रोज घासूनपुसून ठेवतात. माझ्या चहाच्या कपाला हात लावत नाहीत!"

हळूहळू डागदर दुसऱ्या मजल्यावर थांबू लागला. मी वरून वाकून पाहिलं की बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत असायचा. "गठ्ठा तपासतोय, बाई. कुणाचं कुणाला जायला नको." वर्षभराने तो पहिल्या मजल्यावरही गठ्ठा तपासू लागला. इतका तपासलेला गठ्ठा घेऊन वर येऊनसुद्धा एकदा त्याने मला खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या पँटी दिल्या.

मग त्याच्या मुलीला दिवस गेले. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. बाळ तीन महिन्यांचं झालं की महिनाभर आईवडिलांकडे राहायचं, असं तिने ठरवलं होतं. डागदरने लगेच मऊ जुन्या चादरींची दुपटी कापून घेतली, धुतली, इस्त्री केली आणि पुन्हा धुतली. एक दिवस मुलीचा फोन आला तेव्हा मी काउंटरशी उभी होते. फोन स्पीकरवर होता, कारण डागदरच्या दोन्ही हातांना खळ लागलेली होती.

"बाबा, तुम्हाला खोकला झालाय?"

"छे! हसलो."

"कशाला हसलात?"

डागदर पुन्हा खळ ढवळू लागला. मागून त्याची बायको ओरडली, "सवत आहे अजून अंगणात!"

मुलगी म्हणाली, "बाबा, अंगणाची खिडकी आपल्याच खोलीत उघडते. तो हुक्का तिथे आहे तोवर मी बाळाला आणणार नाही."

"अगं, धुतलेला धूर तो..."

"मग बाळाला फोटोतच बघा," असं म्हणून तिने फोन ठेवला. डागदर खळीचे हात तसेच हवेत धरून उभा राहिला.

पुढे जे घडलं त्याला माझं व्याकरण कारण झालं, हे मी कबूल करते. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या तरुण डॉक्टरबाईंना आमच्या इमारतीच्या सभागृहात व्याख्यान द्यायचं होतं. हल्लीची मुलं हुक्क्याला शिशा म्हणतात, म्हणून तोच शब्द घाला, असं त्यांनी फोनवर सांगितलं. फळ्यावर सूचना लिहिण्याचं काम निवृत्तीपासून माझ्याकडे आहे. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'शिशाचे शरीरावरील दुष्परिणाम'. एकतीस वर्षं विभक्ती शिकवली, ती चुकणार कशी? पण शिसं या धातूचीही षष्ठी 'शिशाचे' अशीच होते, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

त्यामुळे सभेला एक रंगारी आला, जुन्या नळांची धास्ती घेतलेले दोन म्हातारे आले आणि चार आया मुलांच्या शिसपेन्सिली पिशवीत भरून आल्या. हुक्का ओढणारं कोणीही आलं नाही. फक्त डागदर आला, बायकोसकट, हातात वही घेऊन. पेन्सिलीच्या डागांवर काही नवीन उपाय कळेल, असं त्याला वाटलं होतं.

"शिशा म्हणजे हुक्का," असं डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, तेव्हा सभागृहाने सुटकेचा निःश्वास टाकला. आयांनी पिशव्या उचलल्या. डागदरने वही मिटली आणि तोही उठायला लागला, पण बायकोने त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

पाण्याने धूर गार होतो, स्वच्छ होत नाही, असं डॉक्टरबाई सांगत होत्या. गार असतो म्हणून माणूस तो खोलवर ओढतो. तासभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या शंभरपट धूर आत जाऊ शकतो. वर जळत्या कोळशाचा वायू असतो तो वेगळाच.

"कोळशाचा!" डागदरची बायको मोठ्याने म्हणाली. "दुकानात पेटवायचा नाही, डोकं चढतं! आणि हे तोंड लावून बसतात!"

डागदरला आता बोलणं भाग होतं. तो उभा राहिला. "डॉक्टर, पाण्याने स्वच्छ होत नाही म्हणता? मग मी तीस वर्षं काय करतोय?"

लोक हसले. उठलेल्या आया पुन्हा बसल्या.

"साबण न लावता करता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"म्हणजे... साबण लागतोच."

"धुरात डांबरासारखा चिकट पदार्थ असतो. डांबराचा डाग कशाने जातो?"

"रॉकेलने," डागदरच्या तोंडून आपसूक गेलं. धंद्यातला प्रश्न विचारला की त्याला गप्प राहता येत नाही.

"मग तुमच्या हुक्क्यात पाणी भरता की रॉकेल?"

सभागृह इतकं हसलं की रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डागदरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला, "बोलून काय उपयोग? नळीच्या तोंडाला पांढरं कापड बांधू आणि ओढून बघू. कापड खोटं बोलत नाही. डाग पडायचाच नाही. आणि पडलाच, तर आठ दिवसांत मी तो काढून दाखवीन."

"आणि नाही निघाला तर?" बायकोने विचारलं.

"तर हुक्का भंगारात."

"सगळ्यांसमोर बोललात हं!"

शिंप्याने स्वच्छ सुती कापडाचा रुमाल शिवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता अंगणात बैठक झाली. मीही होते, डॉक्टरबाईंच्या वतीने. तासाभराने कापड सोडलं, तर मधोमध मोठ्या नाण्याएवढा तपकिरी डाग.

"चहा सांडला असेल," शिंपी म्हणाला.

डागदरने डाग नाकाशी नेला. पहिला नियम त्याचाच होता. "चहा नाही," तो म्हणाला आणि रुमाल घेऊन आत गेला.

त्या आठवड्यात सगळी गल्ली रुमालाच्या तब्येतीची चौकशी करत होती. "पेशंट कसा आहे?" असं विचारलं की डागदर उत्तर द्यायचा: साबणाला दाद नाही, रॉकेलने थोडा उतार आहे, उन्हात ठेवलाय, रात्र बरी गेली. पाचव्या दिवशी तपकिरीचा पिवळा झाला आणि तिथेच अडला. सहाव्या दिवशी त्याची बायको मला म्हणाली, "बाई, जेवताना उठून बादलीत बघून येतात. डागाला घाबरलेलं मी यांना कधी पाहिलं नव्हतं." ती दुपट्यांची घडी पुन्हा घालत होती.

आठव्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. या वेळी फळ्यावर काही लिहावं लागलं नाही. डागदरने पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, चौकोनी घडीचा रुमाल टेबलावर ठेवला. टाळ्या पडल्या. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला.

"बघू," असं म्हणत डागदरची बायको पुढे आली. तिने एकेक घडी उलगडत रुमाल पुरा उघडला. मधोमध नाण्याएवढं भोक होतं. तिने रुमाल चेहऱ्यासमोर धरला आणि भोकातून एका डोळ्याने नवऱ्याकडे पाहिलं.

"डाग निघाला खरा," ती म्हणाली.

आम्ही किती वेळ हसलो ते सांगता येत नाही. "ब्लीच जरा जास्त झालं," असं डागदर पुटपुटला, ते पुढच्या रांगेतच ऐकू गेलं. शिंपी मागून ओरडला, "काळजी करू नको, रफू करून देतो!"

डागदर हसला नाही. हसणं थांबेपर्यंत तो उभा राहिला आणि मग डॉक्टरबाईंना हळूच विचारलं, "आतलं रफू होतं का हो?"

डॉक्टरबाई चांगल्या आहेत, खोटं बोलल्या नाहीत. "ओढणं थांबवलंत तर थोडं आपलं आपण सावरतं. सगळं नाही."

"म्हणजे माझ्याकडे उशिरा आलेल्या कपड्यासारखं," तो म्हणाला. त्याने रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

हुक्का भंगारात गेला. सोडणं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पहिला महिना डागदर चिडचिडा झाला होता. माझ्या उशीच्या अभ्र्यावर त्याने इस्त्रीचा आख्खा ठसा उमटवला, आणि वर मलाच म्हणाला, "अभ्रा पातळ होता." शिंपी खुर्ची उचलून दुसरीकडे बसायला जाऊ लागला. अधूनमधून अजूनही जातो. तो परत आला की डागदर त्याला सांगतो, "शर्ट काढून ठेव, सफरचंद आलंय."

भोकाचा रुमाल दुकानाच्या काचेत टांगलेला आहे. खाली पाटी लावायची म्हणून डागदर माझ्याकडे आला. "बाई, अक्षर तुमचं पाहिजे. पण शिशा नको, हुक्काच लिहा. नाहीतर पुन्हा पेन्सिली येतील." मी लिहिलं: 'हुक्क्याचा डाग. काढला. रुमाल वाचला नाही.' कॉलेजची मुलं जॅकेटं टाकायला येतात आणि वाचून विचारतात. मग डागदर हातातली इस्त्री उभी करून ठेवतो आणि पाण्यापासून रॉकेलपर्यंत सगळं सांगतो. ते पुरं होईपर्यंत जॅकेट ताब्यात घेत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, माझ्या व्याख्यानाला इतके लोक कधी बसत नाहीत.

मुलगी बाळाला घेऊन आली, महिन्याऐवजी तीन महिने राहिली. बाळाने पहिल्याच दिवशी आजोबांच्या खांद्यावर दूध काढलं. डागदरने मान वळवून पाहिलं आणि तो म्हणाला, "दूध. ताजं. काही लावू नका."

या गोष्टीला दीड वर्ष झालं. डागदर दर गुरुवारी माझे कपडे घेऊन येतो. पहिल्या मजल्यावर आता थांबत नाही. दुसऱ्यावर थांबतो. वकिलांनी तिथे एक स्टूल ठेवलंय, त्यावर बसतो, आणि गठ्ठा तपासत नाही.