हिवाळ्यातलं पातळ तेल

लष्करातून मोडीत निघालेली ती डिझेलची जीप आमच्याकडे आली, पण विश्रांती काही तिच्या नशिबात नव्हती. मुरगूडजवळच्या आमच्या मळ्यात गुऱ्हाळ सुरू झालं की आमचे मालक तिचं मागचं चाक मोकळं फिरावं म्हणून आसाखाली ठोकळा लावायचे, चाकाला पट्टा चढवायचे आणि त्यावर ऊस गाळायचा चरक फिरवायचे. जीप दिवसभर जागच्या जागी पळायची. वारा लागायचा नाही, इंजिन तापायचं, आतलं तेल पाण्यासारखं व्हायचं. म्हणून गुऱ्हाळाच्या दिवसांत ते तिला जाड तेल घालायचे. बायकोपेक्षा जीपचे लाड जास्त, असं मी तोंडावर म्हणायची.

माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. शहरात, राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात माझ्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे माहेर म्हणजे वडील एकटेच. गुऱ्हाळावरच्या माणसांचा स्वयंपाक माझ्याकडे, म्हणून वडिलांनीच निरोप धाडला होता, सकाळी आलीस तरी चालेल. पण त्यांना आत न्यायच्या आधी मला पोचायचं होतं, आणि पहिल्या एसटीने उशीर झाला असता.

"जीप हाय की! उजाडायला निघू," मालक म्हणाले.

पौषातली थंडी. जाड तेल पार थिजलेलं. स्टार्टर नुसता कण्हला. हँडल मारून मारून मालकांचे तळवे सोलले, तरी इंजिन हलेना. मी तिथंच मातीत बसकण मारली.

"तुमच्या चरकापायी माझा बाप मला दिसायचा न्हाय!"

 तेल घालताना मालकांनी चरकाचा विचार केला होता, सकाळच्या गारठ्याचा नाही.

माझ्या सासूने, आत्याबाईंनी, त्या जीपला अवदसेशिवाय दुसरं नाव कधी दिलं नव्हतं. माझ्याशीही त्यांचं बोलणं तेवढंच गोड. त्या उठल्या, रसाच्या कढईखालच्या चुलवणातले निखारे घमेल्यात भरले आणि जमिनीवर आडव्या होऊन घमेलं इंजिनाखाली सारलं.

"आई, पेट घील की!" मालक ओरडले.

"पेटली तर पेटली. तिचा बाप वाट बघत बसलाय तितं."

त्यांच्या लुगड्याचा काठ जळला, तो त्यांनी हातानेच विझवला. तेल हळूहळू सैल झालं, हँडल फिरलं, आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा वडिलांना स्ट्रेचरवर घेतलं होतं. त्यांनी माझा हात नाकाशी धरला. "गुळाचा वास येतोय गं," म्हणाले आणि हसले. ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. ते हसणं मात्र मला मिळालं, आणि आत्याबाईंवर माझा जीव जडला तो त्या दिवसापासून.

पुढच्या हिवाळ्यापासून मालकांनी जाड तेल आणलंच नाही. पातळ तेलावर चरक सलग चालेना. थोडं गाळप करायचं, मग इंजिन निवेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. आमचा गूळ बाजारात सगळ्यांच्या मागून पोचायचा आणि लोक चेष्टा करायचे. एका पाहुण्याने विचारलंच, असलं तेल कशाला घालता म्हणून.

आत्याबाई खेकसल्या, "गारठ्यातबी झटक्यात चालू हुती ती. पोरीला म्हायेरला जायाचं झालं तर?"

माझ्या माहेरच्या दाराला तेव्हा कुलूप होतं आणि किल्ली आत्याबाईंच्याच पेटीत होती. तरी जीप आमच्याकडे होती तोवर, हिवाळ्यातल्या प्रत्येक सकाळी मालक ती एकदा चालू करून बघायचे.